चाकावरचा संसार: गाडी घेण्याआधी



आज गाडीबद्दल बोलायचं आहे. फिरायला जायच्या गाडीबद्दल नाही. जिच्यात राहायचं, जिच्यावर धंदा करायचा आणि जिचा हप्ता आपणच फेडायचा, अशा गाडीबद्दल. आमच्या प्रभागातल्या एका गटातल्या चौघीजणी यंदा मार्गशीर्षात म्हसवडच्या रथाला बाहेर पडणार आहेत. पुढे पुसेगाव, पाल, मांढरदेवी करत चैत्रात शिंगणापूरची यात्रा झाली की परतायचं. मध्ये पुण्या-मुंबईचं एखादं प्रदर्शन. म्हणजे जवळजवळ पाच महिने घराबाहेर. पिठलं-भाकरी, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणची असा माल. आजवर त्या भाड्याच्या टेम्पोने जायच्या आणि मिळेल तिथे पथारी टाकायच्या. आता स्वतःची गाडी घ्यायची म्हणतात. गेले दोन महिने आमच्या बैठकांत दुसरा विषय नाही, म्हणून म्हटलं, जे बोलणं झालं ते सगळ्यांसमोर मांडावं. आणखी बरेच गट या विचारात आहेत.

आपल्या पोरी मोबाईलवर परदेशातल्या चाकावरच्या घरांचे व्हिडिओ दाखवतात. बसएवढी गाडी, आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम, एका कोपऱ्यात लॅपटॉप लावून काम चाललेलं. बघायला झकास वाटतं. पण त्या गाड्या रात्री जिथे थांबतात तिथे वीज, पाणी आणि मैला सोडायची नळी, तिन्ही जोडायची सोय असलेले तळ असतात. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅनचं पर्यटन धोरण आणलं, पण ते पर्यटकांसाठी आहे. यात्रेच्या माळावर वीज म्हणजे वर्गणी भरून मिळालेली एक वायर आणि पाणी म्हणजे टँकरची रांग. तेव्हा तो व्हिडिओ बघून माप घेऊ नका.

आणि खरं तर चाकावर राहून काम करणं आपल्याकडे नवं नाहीच. गाडीलोहारांचं नावच गाडीवरून पडलं. त्यांचं घर बैलगाडी आणि भाता तिच्या शेजारी जमिनीवर. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते वैशाखापर्यंत ट्रकबरोबरच असतात. गावोगाव तंबूत सिनेमा दाखवणारे टुरिंग टॉकीजवाले ट्रकमध्येच मशीन ठेवायचे, ट्रकमध्येच झोपायचे. आषाढीच्या वारीत दिंडीचा ट्रक तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्यात तंबू, भांडी, शिधा, गाठोडी. मुक्कामाला पोचलं की पाऊण तासात राहुट्या उभ्या आणि चुली पेटलेल्या. या सगळ्यांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. टॉकीजवाल्यांचं मशीन वगळलं तर गाडी बहुतेक वेळा घर वाहून नेते, ती स्वतः घर नसते. काम आणि झोप गाडीच्या बाहेर किंवा शेजारी. हे का, ते हिशोब मांडल्यावर कळतं.

आमच्या चौघींच्या मनात पहिल्यांदा छोटा हत्ती होता. टाटाची एस हो, २००५ पासून रस्त्यावर आहे आणि गल्लीबोळात जाते. मागे पत्र्याचा बंद खोका बनवायचा, एका बाजूला खिडकी उघडून विक्री, आत ओटा, रात्री खाली गादी टाकून झोप. फॅब्रिकेशनवाल्याने कागदावर चित्रही काढून दिलं, गुलाबी रंगाचं.

मी म्हटलं, रंग राहू द्या, आधी वजन करू. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. एकातून दुसरं वजा केलं की गाडी किती उचलू शकते ते कळतं. छोट्या हत्तीची ताकद साधारण ७५० किलो. आता आपलं सामान. लोखंडी अँगल आणि पत्र्याचा खोका, कारागिराचाच अंदाज ३०० किलो. पाण्याचे दोन बॅरल. एक लिटर म्हणजे एक किलो हे शाळेत शिकतो आणि गाडी भरताना विसरतो. २०० लिटरचे दोन म्हणजे ४०० किलो. पीठ, तेल, डाळ, बरण्या १५०. व्यवसायाचे निळे सिलिंडर दोन, भरलेले, ७५ च्या आसपास. बॅटरी आणि इन्व्हर्टर ७०. तवे, पातेली, शेगड्या १२०. गाद्या, कपडे ६०. बेरीज करा. १,१७५ किलो! पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरायचं ठरवलं तरी ७७५ उरतात. म्हणजे तेव्हाही गाडी थोडी ओव्हरलोडच, विकायचा माल वाढला की आणखी. त्याचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, पण मला दंडापेक्षा मांढरदेवीच्या घाटाची काळजी जास्त वाटते. जास्त वजनाच्या गाडीचे ब्रेक उतारावर तापतात, आणि उंच खोका असला की वळणावर गाडी झुकते.

कागदावरच्या अंदाजावर थांबू नका. सामान भरून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्या. साखर कारखाना, बाजार समिती, खडीची खाण, कुठे ना कुठे काटा असतोच. थोडक्या पैशात पावती मिळते. भाड्याच्या टेम्पोतही हे करून बघता येतं. रिकाम्या टेम्पोचं वजन आणि भरलेल्याचं वजन, मधला फरक तुमच्या संसाराचा.

बरं, वजन बसवलं तरी दुसरा प्रश्न उरतो, चौघी बसणार कुठे? छोट्या हत्तीत पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक. उरलेल्या दोघी-तिघी मागे हौद्यात. आपण सगळ्याच कधी ना कधी लग्नाला, देवाला अशा हौद्यात बसून गेलोय, त्यामुळे त्यात काही वाटेनासं झालंय. पण मालवाहू गाडीत मागे माणसं बसवणं कायद्याला धरून नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्या बायांसाठी हात वर करते. धंद्याला निघालेल्या बाईचा जीव पोत्यांच्या हिशोबात धरणारी गाडी नको, एवढं त्या बैठकीत एकमताने ठरलं.

मग दुसरा पर्याय आला, जुनी फोर्स ट्रॅव्हलर. शाळेच्या किंवा कंपनीच्या कामातून निघालेली. आत उंच छपराच्या गाडीत बाईला ताठ उभं राहता येतं, आडवं पडायला जागा भरपूर, खिडक्या आहेत, आतून दार लावता येतं. कुणालाही आवडेल. पण इथे मी एक प्रश्न विचारते आणि तो तुम्हीही विचारा: तुमच्या कामात आग आहे का?

आग असेल, म्हणजे शेगडी, कढई, तवा असेल, तर झोपायची जागा आणि स्वयंपाकाची जागा एकाच बंद खोक्यात असूच नये. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली जमिनीलगत साचतो. आणि जमिनीलगतच तुमच्या गाद्या असतात. गॅसला निदान वास असतो. कोळशाच्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला रंग नाही, वास नाही. पौषात माळावर थंडी अशी पडते की बाया घमेल्यात निखारे घेऊन तंबूत किंवा गाडीत ठेवतात, दारं-खिडक्या लावतात आणि उबेत झोपतात. ती झोप मोडत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि उठायचं भान येण्याआधी अंगातली शक्ती जाते. बंद गाडीत निखारे नाहीत, पेटती शेगडी नाही, जनरेटर दाराजवळ नाही, इंजिन चालू ठेवून झोपणं नाही. थंडीला जादा घोंगडी घ्या, गरम पाण्याची पिशवी घ्या. यात मी कुणाचीही, अगदी सासूबाईंचीही, समजूत काढायला तयार आहे, पण निखारे आत नकोत.

आग नसलेल्या कामाला मात्र ट्रॅव्हलर खरंच चांगली. पलीकडच्या गावातल्या गटाच्या दोघी आठवडी बाजारात पिको-फॉल, ब्लाउज, पिशव्या शिवतात. मोटारीचं शिलाई मशीन, इस्त्री सोडली तर फारशी वीजही लागत नाही. अशा कामाला बसून काम करायला सावली, मापं घ्यायला आडोसा आणि रात्री झोपायला कुलूप, तिन्ही एकाच गाडीत मिळतं. फक्त जुनी गाडी घेताना दोन गोष्टी बघा. व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस करावं लागतं, तेव्हा स्वस्तात मिळालेली दहा-बारा वर्षांची गाडी दर वर्षी पासिंगचा खर्च काढणार. आणि आतल्या सीट काढून पलंग, कपाटं बसवायची तर आधी आरटीओची परवानगी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडी मुळात जशी नोंदली तिच्यात मनाने बदल करायचा नाही. बदल करून मग विचारायला गेलात तर पासिंग अडतं आणि विम्यालाही फाटा फुटतो.

तिसरी गाडी आमच्यापैकी एकीच्या भावाने सुचवली. दोन रांगांच्या केबिनची पिकअप. बोलेरोच्या अशा गाडीचं नाव आहे कॅम्पर. यावर बैठकीत खूप हसणं झालं, कारण आपल्याकडे कॅम्पर म्हणजे लग्नातला गार पाण्याचा जार, आणि एकीला वाटलं नावच कॅम्पर आहे म्हणजे झोपायची सोय आतच असणार. तसं काही नसतं. पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हर धरून पाच जणी रीतसर बेल्ट लावून बसतात, मागच्या हौद्यात साधारण टनभर माल. हौदा मात्र आखूड. त्यात चौघींना पाय पसरता येणार नाहीत. म्हणजे राहुटी आलीच.

माझं मत या तिसऱ्या गाडीच्या बाजूने आहे, आणि का ते सांगते. चौघी सुरक्षित बसतात. वजन बसतं. शेगडी गाडीबाहेर, मागच्या फळीला लावलेल्या ताडपत्रीखाली, मोकळ्या हवेत. झोप दुसऱ्या बाजूला राहुटीत. गाडीला बांधकाम जवळजवळ काहीच नाही, वर हुड आणि ताडपत्री, त्यामुळे परवानगीची कटकट कमी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, यात्रा संपल्यावर ही गाडी मोकळी होते. आषाढ-श्रावणात तिच्यातून टोमॅटो, कांदा, डाळिंब बाजार समितीत नेता येतं.

कारण हप्ता पाऊस बघत नाही. सहा लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता १३,००० च्या थोडा वर जातो. वर्षाचे १,५६,००० च्या वर. धंदा पाच-सहा महिनेच असेल तर त्या महिन्यांत दरमहा कमीत कमी २६,००० नुसते हप्त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. विमा, टायर, डिझेल वेगळं. गुलाबी खोक्याची गाडी पावसाळ्यात दारात उभी राहते, तिच्यातून कांदा कुणी नेत नाही. चौघींनी मागच्या वर्षीच्या यात्रांचा जमाखर्च काढला तेव्हा चांगल्या महिन्यात हप्ता निघतो आणि मधल्या महिन्यात ओढाताण होते असं दिसलं. म्हणून आधी एक हंगाम अशीच गाडी भाड्याने घेऊन करायचा असं चाललंय. दोघींना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, भाड्यात घातलेला पैसा परत येत नाही. त्यांचंही चूक नाही. पण चुकीची गाडी विकताना किती पैसा बुडतो तेही बघावं.

राहुटीवर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. कापडाला कुलूप नसतं. बाया रात्री कापडाच्या आत झोपणार, माळावर दारू पिऊन फिरणारे असतात. यावर आमच्याकडे ठरलंय ते असं. राहुटी गाडीच्या आडोशाने लावायची, एक बाजू गाडीचीच. रोकड आणि फोन केबिनमध्ये कुलपात, किल्ली अंगावर. एक दिवा रात्रभर चालू. शेजारी दुसऱ्या गटाची किंवा ओळखीच्या कुटुंबाची राहुटी, एकटं-दुकटं लावायची नाही. यात्रा कमिटीकडे आणि यात्रेतल्या पोलीस चौकीत पहिल्याच दिवशी नावं आणि गाडी नंबर द्यायचे. बंद गाडीत झोपणाऱ्यांनीही एक बघावं: दार आतून उघडतं का? मालाच्या कितीतरी खोक्यांना कडी बाहेरूनच असते. जे दार आतून उघडत नाही, त्याच्या आत झोपायचं नाही.

आता संडासाचं बोलते, कारण बैठकीत कुणी आपणहून काढत नाही. यात्रेत बाया दिवसभर पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. मग जळजळ, ताप, लघवीची तक्रार घेऊन घरी येतात आणि ऊन बाधलं म्हणतात. गाडीची जागा ठरवतानाच विचारा, स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, पेट्रोल पंप किती लांब आहे. विक्रीची जागा थोडी आत मिळाली तरी चालेल. आडोशासाठी अरुंद उभा तंबू मिळतो, घडी केला की पिशवीत मावतो. त्यात डब्याचा संडास ठेवता येतो, पण तो रोज रिकामा करायला ठिकाण लागतं आणि ते काम पाळीने करायला मन लागतं. ते आधीच ठरलं नाही तर तिसऱ्या दिवशी भांडण.

विजेचा हिशोबही वजनासारखाच करायचा. १२ व्होल्टची १५० अँपिअरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला ९००. नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास, ९०. छोटा पंखा रात्रभर, १६०. चार फोन आणि पैसे घ्यायचा स्पीकर, ६० ते ७०. मिक्सर ५०० वॅटचा, वीस मिनिटं, १७० च्या आत. सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं. पण कुणी म्हणालं गॅस नको, इंडक्शन लावू, तर अर्ध्या तासात तेवढी सगळी बॅटरी संपली. २०० वॅटचं सोलर पॅनेल हुडावर टाकलं तर चांगल्या उन्हात दिवसाला सहाशे-आठशे वॅट-तास परत येतात. आपल्या माण-खटावात ऊन तरी कमी नाही. आणि कृपा करून खांबावर आकडा टाकू नका.

शेवटी नावाचं आणि किल्लीचं. गाडी कोणती, यावर तासभर बोलणं होतं. ती चालवणार कोण, यावर सगळ्या एकीकडे बघतात. चौघींपैकी एकीलाही गाडी येत नसेल तर गाडी ज्याला येते त्याची होते. कधी निघायचं तो ठरवतो, कुठे थांबायचं तो ठरवतो, आणि पहाटे त्याचा फोन लागला नाही तर पीठ भिजवलेलं तसंच राहतं. लायसन्स काढणं काही डोंगर नाही. शिकाऊ लायसन्स काढायचं, तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. पूर्वी चारचाकीच्या साध्या लायसन्सवर टेम्पो चालतो का यावर वाद असायचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या व्यवसायाच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, वेगळा शिक्का लागत नाही. आपली पिकअप त्याच्या कितीतरी आत आहे.

आणि आरसीवर नाव बाईचंच हवं. गट संस्था म्हणून नोंदलेला नसला तर गाडी कुणा एकीच्या नावावर घ्यावी लागते. अशा वेळी "मालकांच्या नावावर घेऊ, कागदपत्रं सोपी जातात" असं हमखास कुणीतरी म्हणतं. कर्ज गटाचं, घाम चौघींचा आणि गाडी एकीच्या नवऱ्याची, हे मला मान्य नाही आणि मी तसं तोंडावर सांगते. सदस्य असलेल्या बाईच्या नावावर घ्या, गटाच्या वहीत ठराव लिहा: चौघींचा हिस्सा किती, एकजण सोडून गेली तर तिचे पैसे कसे द्यायचे, गाडी विकली तर वाटणी कशी. सगळ्यांच्या सह्या. दुसरी किल्ली गटाच्या पेटीत.

आमच्या चौघींपैकी दोघींनी शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज भरले आहेत. त्यातली एक पंचेचाळिशीची आहे, तिच्या सुनेने ऑनलाइन भरून दिला. परीक्षेला येणाऱ्या खुणांचा कागद सध्या बैठकीत फिरतोय, ज्यांना हवा असेल त्यांनी ग्रामसंघाच्या येत्या बैठकीत मागून घ्या. राहुटीचं माप आणि कापडाचा भावही तिथेच सांगू. येताना मागच्या हंगामाची वही घेऊन या, सामानाचं वजन तिच्यावरूनच मांडता येईल.